लागलं

गार्डन सिटी, कॅन्सस. वारा असा
की दुकानाची पाटी दर हिवाळ्यात नवी करावी लागते.
मी इथे गोळ्या मोजते, पाच-पाचच्या ढिगाने,
निळ्या ताटलीत, बोथट सुरीने सरकवत.

डोन्या तोमासा महिन्यातून एकदा येते.
रक्तदाबाच्या गोळ्या घेते आणि घेत नाही,
म्हणजे घरी नेते, कपाटात ठेवते.
मी रागावले की पिशवीतून बरणी काढते :
आंबट हिरवी साल्सा.
बरणीवर चिठ्ठी नाही, तारीख नाही,
दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर,
काही लिहिलेलं नाही.
"दोक्तोरा," म्हणते. मी डॉक्टर नाही
हे तिला सहा वर्षं सांगतेय.

नाणी टाकून कपडे धुवायचं दुकान आहे ना,
त्याच्या मागच्या खोलीत तिची चूल.
भिंतीपलीकडे यंत्रं घुसळत असतात,
अलीकडे पोसोले रटरटतं,
चुन्याच्या निवळीत फुललेला मका,
वर मुळ्याच्या चकत्या, लिंबू, चुरलेला ओरेगानो.
साबणाचा वास आणि डुकराच्या मटणाचा.
सवय होते.

जानेवारीतल्या एका शनिवारी मी वही घेऊन गेले,
काळा मोले शिकायचा म्हणून.
चिलवाक्ले मिरच्या किती? तिने ओंजळ दाखवली.
तीळ? छोटी ओंजळ.
मनुका, बदाम, लवंग, पिकलेलं केळं,
मी लिहीत होते, ती ऐकत नव्हती.
मग तव्यावर एक टॉर्टिया टाकली आणि विसरली.
मला वाटलं, विसरली.
कडा तांबूस, कडा काळ्या, मधोमध काळं,
मी ओरडले, लागलं, लागलं!
चक्क मराठीत.
तिने चिमट्याला हात लावला नाही.
"मास," म्हणाली. अजून.

आमच्याकडे खाली लागलं
की वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात काढतात,
तळ ढवळायचा नाही,
पाहुण्यांना सांगायचं नाही.
सासरी मी असे बरेच तळ झाकले.
इथे बाई करपलेलं मोजून घालत होती.

मग बिया. मिरच्यांच्या बिया तिने
पार कोळसा होईपर्यंत जाळल्या,
आणि ठसका असा लागला
की भिंतीपलीकडची माणसं खोकत, डोळे पुसत,
अर्धवट वाळलेल्या चादरी कवटाळून बर्फात.
छतावरचा भोंगा बोंबलतोय.
बंब आला. वेंडेल नावाचा उंच गडी
नाकातोंडातून पाणी गाळत आत शिरला :
काय जळतंय?
तोमासाचा भाचा एलिसेओ शांतपणे म्हणाला,
"जेवण."

शिरस्त्राण काखेत धरून त्याने उभ्याउभ्या
चार तामाले खाल्ले, पाचवा खिशात.
मोले मात्र उद्या, तोमासाने बजावलं.
तो दुसऱ्या दिवशी आला. बंबाशिवाय, आईला घेऊन.

रविवारी काळा, चकाकता, जाडसर रस
कोंबडीच्या तंगडीवर.
आधी गोड. मग लवंग. मग चॉकलेटचा कडवटपणा.
तिखट उशिरा येतं,
विरजण मागायला आलेल्या शेजारणीसारखं,
दारातच उभं राहतं,
आणि मग तासभर जात नाही.
सगळ्यात मागे ती राख.
नसती तर बाकीचं सगळं
नुसतंच चविष्ट झालं असतं.

काल तव्याला बोट टेकलं होतं, फोड आला होता.
तोमासाने तो पाहिला, स्पॅनिशमध्ये काही विचारलं.
शब्द कळले नाहीत.
मला ऐकू आलं, लागलं का गं?
हो म्हणाले. पण कशाला हो म्हणाले,
बोटाला, तिखटाला, की तिचा लळा लागला त्याला,
एकाच शब्दात इतकं का कोंबलंय आपण?

जाताना सौदा केला.
तिने माझ्यासमोर एक गोळी गिळायची,
मोलेच्या घासाबरोबर, तोंड वाकडं करत का होईना.
बदल्यात तिने पळी माझ्या हातात दिली
आणि मोठं पातेलं तिरपं केलं.

मी तळ खरवडला.
खाली लागलेलं जास्त चांगलं होतं.